दाराबाहेरचा पाळणा

शिवनेरीचे सात दरवाजे चढून वर गेलं, की शिवजन्माच्या इमारतीत खालच्या खोलीत पाळणा दिसतो. शिवजयंतीला बायका नऊवारी नेसून इथे जमतात, पाळणा फुलांनी सजवतात आणि दोरी हलवत पाळणा म्हणतात. सहलीला आलेल्या चौथीतल्या मुलालाही या पाळण्यातल्या बाळाच्या आईचं नाव सांगावं लागत नाही. जिजाबाई मुळात या मुलखातल्या नव्हत्या. माहेर दूर सिंदखेडराजाला. १६२९ साली वडील लखुजी जाधवराव देवगिरीच्या किल्ल्यात मारले गेले, शहाजीराजे मोहिमांत गुंतलेले, म्हणून दिवस गेलेले असताना त्या आडोशाला शिवनेरीवर आल्या. १९ फेब्रुवारी १६३० ला बाळंतपण झालं ते परक्या गावात, परक्या भिंतींआड.

शिवनेरीच्या पायथ्याच्या जुन्नरमधून, या जन्माच्या वीसेक वर्षं आधी, मलिक अंबर निजामशाहीचा कारभार बघत होता. आफ्रिकेतल्या हबसाणात जन्मलेला हा माणूस. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तानातल्या बाजारांत हातोहात फिरत दख्खनला पोचला आणि पुढे मोगलांना वर्षानुवर्षं थोपवून धरणारा वजीर झाला. त्याच्या जमीनमहसुलाच्या पद्धतीचं नाव आपण शाळेत घोकलेलं आहे. पण त्याच्या आईचं नाव सर्वांच्या तोंडी असणं सोडाच, ते विचारायला हवं हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. एका गावाशी जोडलेले हे दोन लेक. एकाची आई प्रत्येक घरात, दुसऱ्याची कुठेच नाही.

गडावरून समोर लेण्याद्रीचा डोंगर दिसतो. तिथला गणपती गिरिजात्मज, म्हणजे गिरिजेचा मुलगा. पार्वतीने मूल व्हावं म्हणून याच डोंगरात तप केलं, अशी कथा आहे. मूल हवं म्हणून तप करणारी आई आपल्या देवळांत आहे, मूल घडवणारी आई गडावर आहे. मूल दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जावं लागलेली आई मात्र कुठे सापडत नाही. मला तिच्याबद्दल लिहायचं आहे. तिला शोधताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती चिनी बायकांवरच्या काही कादंबऱ्यांची आणि जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून लिहिलेल्या एका पत्राची.

पत्राची तारीख २० एप्रिल १८७७. लिहिणाऱ्या सावित्रीबाई फुले. १८७६ चा दुष्काळ पुढच्या सालातही हटला नव्हता आणि सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यासाठी त्या या भागात फिरत होत्या. जोतीरावांना त्या कळवतात, की जनावरं पटापट मरून पडताहेत, ओढे-तळी आटली आहेत, माणसं पाला खाऊन दिवस काढताहेत आणि काही जण पोटची पोरं, तरण्या मुली विकून गावं सोडून चालले आहेत. हे वाक्य वाचताना मी दर वेळी थांबते, कारण ते लिहिणाऱ्या बाईला स्वतःचं मूल झालेलं नव्हतं आणि तिच्या घरी तेव्हा तीन-चार वर्षांचा यशवंत होता. दुसऱ्या एका बाईने तिच्या ओटीत घातलेला. त्या गोष्टीकडे येईनच. आधी जरा लांब जाऊ.

चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान प्रांत आहे. तिथल्या डोंगरांत आखा नावाची जमात राहते आणि चहाची जुनी झाडं राखते. लिसा सी या अमेरिकी लेखिकेची ‘द टी गर्ल ऑफ हमिंगबर्ड लेन’ ही २०१७ ची कादंबरी याच लोकांची आहे. आपल्याकडे आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला हिरड्याच्या झाडांवर घरं चालतात, तसाच त्यांचा चहा. पिकाचा भाव वरून आलेला व्यापारी ठरवतो आणि डोंगरातली माणसं वाट बघतात. कादंबरीतल्या ली-यानला लग्नाआधी मुलगी होते. तिच्या लोकांच्या रिवाजात असं मूल जगू द्यायचं नसतं. ली-यानची आई स्वतः गावची सुईण, तरी ती रिवाज मोडते. लेकीचं बाळंतपण गुपचूप होतं. मग ली-यान मुलीला पाठीशी बांधून डोंगर उतरते, शहरातल्या अनाथालयाजवळ पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवते आणि दुपट्यात एक दाबलेली चहाची चकती खोचते. मुलगी कॅलिफोर्नियात एका गोऱ्या जोडप्याच्या घरी वाढते. आई कोण, हे तिला माहीत नाही. तिच्यापाशी फक्त ती चकती आहे. त्या चकतीच्या वेष्टनावरच्या खुणा कुठल्या डोंगराच्या, हे कळायला तिचं अख्खं तारुण्य जातं.

एमी टॅन यांच्या ‘द जॉय लक क्लब’मध्ये (१९८९) काळ जपानी आक्रमणाचा आहे. सुयुआन नावाची बाई दोन जुळ्या तान्ह्या मुली घेऊन पायी निघालेली. वाटेत सामान टाकत टाकत, शेवटी हगवणीने अंगातलं त्राण गेलेलं. ती मुलींना रस्त्याच्या कडेला ठेवते. एकीच्या अंगरख्यात दागिने, दुसरीच्या अंगरख्यात पैसे, सोबत घरच्यांचे फोटो आणि कुठे पोचवायचं त्याचा पत्ता. पुढे ती अमेरिकेत जाते, पुन्हा संसार करते, पण त्या रस्त्यावरून ती मनाने कधीच उठत नाही. लिसा को यांची ‘द लीव्हर्स’ (२०१७) आपल्या काळातली आहे. फुजियानमधून कर्ज काढून, कागदपत्रांविना न्यूयॉर्कला आलेली पॉली कामाच्या पाळ्या आणि तान्हं मूल यांचा मेळ घालू शकत नाही, म्हणून वर्षाच्या पोराला चीनमध्ये आपल्या वडिलांकडे धाडते आणि तो पाच-सहा वर्षांचा झाल्यावर परत आणते. मग एक दिवस ती नखं रंगवण्याच्या दुकानात कामाला जाते आणि घरी येतच नाही. मुलाला एक प्राध्यापक जोडपं घेतं, त्याचं नाव बदलतं. आपल्याला आईने टाकलं, असं तो समजून चालतो. खरं म्हणजे सरकारने तिला पकडून कोठडीत टाकलेलं असतं आणि देशाबाहेर घालवलेलं असतं.

या गोष्टींच्या मागे खरा इतिहास आहे. चीनने १९८० च्या सुमारास एका मुलाचं धोरण लादलं, ते २०१५ च्या अखेरीपर्यंत चाललं. खेड्यात मुलगी झाली, की मुलगा हवा म्हणून आणखी एक संधी हवी आणि त्यासाठी मुलीचं नाव कुठेच लागू द्यायचं नाही. मूल टाकणं तिथे गुन्हा, म्हणून आया पहाटे बाजारात, स्टेशनावर, अनाथालयाच्या पायरीवर मुली ठेवून जात. पुष्कळदा कपड्यात चिठ्ठी असे आणि चिठ्ठीत फक्त जन्मवेळ, नाव नाही. १९९२ साली तिथे दत्तकाचा कायदा लागू झाला आणि परदेशी पालकांना वाट मोकळी झाली. तेव्हापासून दीड लाखाहून अधिक मुलं परदेशी गेली. त्यातली निम्मी एकट्या अमेरिकेत, आणि बहुतेक मुलीच. २०२४ मध्ये चीनने हे परदेशी दत्तक बंद केलं. आज त्यातल्या अनेक मुली पंचवीस-तीस वर्षांच्या आहेत आणि आपल्या आईबद्दल विचारताहेत. ज्या बायांना गुन्ह्याच्या भीतीने बोलता आलं नाही, त्यांच्या वतीने कादंबरीकारांनी बोलून ठेवलं आहे. म्हणून या पुस्तकांचं मोल मला करमणुकीपेक्षा मोठं वाटतं.

आणि त्या खुणा! चहाची चकती, दागिना, चिठ्ठी. लंडनला १७४१ मध्ये सोडलेल्या मुलांसाठी फाउंडलिंग हॉस्पिटल उघडलं, तिथे पुष्कळ बाळांच्या नोंदीला कापडाची एक चिंधी टाचणीने लावून ठेवत. आईने परत येऊन जुळती चिंधी दाखवली, तर मूल ओळखता यावं म्हणून. अशा हजारो चिंध्या त्या वह्यांत आजही आहेत, फुलाफुलांच्या, चौकटीच्या, रंग न उडालेल्या. परत न्यायला आलेल्या आया फारच थोड्या.

आपल्याला ही खूण नवी नाही. कवचकुंडलं म्हणजे दुसरं काय? कुमारी कुंतीने मुलाला मंजूषेत ठेवून अश्व नदीत सोडलं. ती पेटी चर्मण्वतीत, तिथून यमुनेत, तिथून गंगेत वाहत चंपानगरीला लागली, अधिरथ-राधेच्या हाती. खूण देवाने दिलेली, पण ओळखणारी आई एकच. पुढे हस्तिनापूरच्या रंगमंडपात कुंडलं बघून ती मूर्च्छित पडते आणि तरी गप्प राहते. मराठी वाचकाने कर्णावर किती जीव लावला, हे ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवरून कळतं. कुंतीला मात्र आपण बहुधा आरोपीच्या जागी उभं करून प्रश्न विचारतो. एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. कुंती स्वतः दत्तक होती. ती शूरसेनाची मुलगी पृथा. मूलबाळ नसलेल्या कुंतिभोजाला बापाने देऊन टाकली, म्हणून कुंती. पृथेला घरातून पाठवणीची वेळ आली तेव्हा तिच्या आईला कुणी काही विचारलं का? महाभारतासारखा ग्रंथही तिथे थांबत नाही.

आता पुण्यात येऊ. १८६० च्या दशकाचा आरंभ. ब्राह्मण घरात विधवेला पुनर्विवाह नाही. कुणबी-माळ्यांत, महादेव कोळ्यांत पाट किंवा मोहतूर लावून बाईला पुन्हा संसार मांडता येई, वरच्या जातीच्या बाईला ती सोय नव्हती. आठ-दहाव्या वर्षी कुंकू पुसलेली मुलगी त्याच घरात राबायची, आणि तिच्यावर घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाची नजर पडली तर निस्तरायचं तिनेच. जोतीरावांचे मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल झालं आणि भीतीपोटी तिने ते मारून विहिरीत टाकलं. खटला झाला, जन्मठेप झाली, तिला अंदमानात पाठवलं. त्या शास्त्र्याचं काय झालं, याची चर्चा त्या काळी कुणी केलेली दिसत नाही.

या घटनेवरूनच आपण बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, असं जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १८६३ साली, पुण्यात, आपल्याच वस्तीत. ब्राह्मण आळ्यांच्या कोपऱ्यांवर छापील पत्रकं चिकटवली. मजकुराचा आशय असा, की बाईने इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल बरोबर न्यायचं की इथे ठेवायचं हे तिच्या खुशीवर. यातला शेवटचा भाग मला फार मोठा वाटतो. त्या पत्रकात उपदेश नाही, पश्चात्तापाची अट नाही. मूल द्यायचं की नाही, हे ठरवणारी ती बाई. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, जिला घरात कोणत्या लुगड्यात वावरायचं हेही ठरवता येत नव्हतं, तिला विचारलेला हा प्रश्न आहे.

हे काम किती कठीण होतं, याचा हिशेबही जोतीरावांनी दिला आहे. बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत कळवताना ४ डिसेंबर १८८४ ला ते लिहितात, की आजवर ३५ गरोदर विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस गेली. पोटात असतानाच पाडण्यासाठी घेतलेल्या जालीम औषधांनी ती मुलं आधीच मारून ठेवलेली होती. हा आकडा मी कितीही वेळा वाचला तरी सरावत नाही. तीस बाळं. दर वेळी सावित्रीबाईंनी पाणी तापवलं असेल, नाळ कापली असेल, दुपटं पसरलं असेल.

जगलेल्यांत एक यशवंत. त्याच्या आईचं नावही काशीबाई. हीसुद्धा ब्राह्मण विधवा, फसवली गेलेली, जीव द्यायच्या बेतात असलेली. ती या घरात बाळंत झाली आणि तिने मुलगा सावित्रीबाईंच्या पदरात दिला. १८७४ साली फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतलं. दोन काशीबाई. नाव एक, जात एक, शहर एक, संकट एक. एकीचं मूल विहिरीत गेलं आणि ती काळ्या पाण्यावर. दुसरीचं मूल शिकून डॉक्टर झालं. दोघींच्या नशिबात जो फरक पडला, तो एका उघड्या दाराने. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी यशवंतला वारस नेमलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा भाऊबंदांनी दत्तकाच्या हक्कावर बोट ठेवलं, म्हणून प्रेतयात्रेत टिटवं धरून सावित्रीबाई स्वतः पुढे चालल्या. १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला. आजाऱ्यांना उचलून आणताना लागण होऊन १० मार्चला सावित्रीबाई तिथेच वारल्या. ही आई आणि हा मुलगा आपल्याला माहीत आहेत. दुसऱ्या काशीबाईंचं पुढे काय झालं, त्या मुलाला लांबून बघायला आल्या का, हे सांगणारा कागद माझ्या वाचनात नाही.

फुल्यांच्या घरापाठोपाठ १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला. वारीच्या गर्दीत बाई ओळखली जात नाही, म्हणून विधवा तिथे येत आणि चंद्रभागेच्या वाळवंटात मूल सोडून जात. त्याच साली घडलेलं एक वेगळं दत्तक सगळ्यांना पाठ आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ बडोद्याच्या जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव झाला. राजघराण्याचं दत्तक आणि वाळवंटातलं पोर यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात वंश आणि गादी चालवायची असते, म्हणून मुलगाच हवा, नात्यागोत्यातला हवा, आईबापांनी सर्वांसमक्ष दिलेला हवा. झाशीच्या दामोदररावापासून साताऱ्याच्या गादीपर्यंत आपलं ‘दत्तक’ हे हक्काचं प्रकरण होतं. मुलाला घर हवं, ही कल्पना त्यात फार उशिरा आली. १९५६ च्या कायद्याने हिंदू बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागलं आणि मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. २००० च्या बाल न्याय कायद्याने ते सगळ्या धर्मांना खुलं झालं.

मधल्या काळात पुण्या-मुंबईतून मुलं परदेशी जाऊ लागली होती. परदेशी माणसाला इथे दत्तकाचा कायदा नव्हता, म्हणून १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टाकडून मुलाचं पालकत्व घ्यायचं आणि तिकडे नेऊन दत्तक करायचं, अशी वाट. यात गैरव्यवहार होतात, म्हणून लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, की मुलाला आधी देशात घर शोधा, नंतर परदेशात, आणि आईवर दबाव आणून मूल काढून घेऊ नका. त्यातून १९९० साली ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली.

या निकालाच्या पाच वर्षं आधी, १३ ऑगस्ट १९७९ ला, पुण्यात एक मुलगी जन्मली आणि ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या बालसदनात आली. तिथे तिचं नाव लैला होतं. मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू यांनी तिला तीन आठवड्यांची असताना घेतलं. अमेरिका, केनिया असं करत कुटुंब सिडनीला स्थिरावलं. लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाची कर्णधार झाली, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा करून शंभर बळी घेणारी जगातली पहिली बाई झाली. २०१२ मध्ये ती ‘श्रीवत्स’मध्ये येऊन गेली. बातम्या खूप झाल्या. प्रत्येक बातमीत ‘टाकून दिलेली मुलगी’ हे शब्द आले. टाकलं म्हणजे उकिरड्यावर. सुरक्षित दारात नेऊन ठेवणं याला टाकणं म्हणू नये. त्या बाईने काय सोसून ते दार गाठलं, हे कुणाला ठाऊक? भाषेत हा एवढा बदल आपण आजपासून करू शकतो. मूल दिलं म्हणा, ठेवलं म्हणा.

आज कायदा काय म्हणतो, ते सांगते, कारण गावाकडे ते फार थोड्यांना माहीत असतं. मूल सांभाळणं अशक्य असलेली आई, लग्न झालेलं असो वा नसो, जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करू शकते. तिला आधी समुपदेशन मिळतं. कागदावर सही झाल्यावरही मन बदलायला ६० दिवस असतात आणि तेवढ्यात ती मूल परत मागू शकते. त्यानंतरच मूल दत्तकासाठी मोकळं होतं. तिचं नाव गुप्त राहतं. समितीपर्यंत जायची हिंमत नसेल, तर दत्तक संस्थांच्या दाराबाहेर पाळणा असतो. बाळ ठेवून निघून जाता येतं, कुणी अडवत नाही. असं बाळ आलं, की वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. तुम्हीही आतल्या पानावर पाहिल्या असतील. टाळू झाकणाऱ्या टोपड्यातला चेहरा, मुठी आवळलेल्या, खाली वय, रंग, अंगावरचे कपडे आणि ‘हक्क सांगणाऱ्यांनी संपर्क साधावा’. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी दोन महिने वाट पाहतात. त्या कपड्यांच्या वर्णनावर माझी नजर अडते. झबलं नवं असतं कधी कधी. मनगटाला काळा दोरा असतो. कुणीतरी दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला.

पण बाळ झुडपात, बसस्टँडवर सापडलं, की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला : ‘अज्ञात मातेवर गुन्हा’. मूल उघड्यावर सोडणं हा गुन्हा आहेच, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि थंडीत, कुत्र्यांपुढे बाळ ठेवण्याचं समर्थन मी करणार नाही. मात्र बाल न्याय कायदा हेही म्हणतो, की परिस्थिती हाताबाहेर गेल्याने मूल सोडलं असेल, तर ते मुद्दाम केलं असं धरू नये. हे कलम मथळे देणाऱ्यांना माहीत हवं. आणि ‘अज्ञात पित्यावर गुन्हा’ असा मथळा मी अजून वाचलेला नाही.

जुन्नर-आंबेगावात या माहितीची गरज नाही, असं समजू नका. इथल्या डोंगरपट्ट्यातल्या बाया कांदालागणीला, टोमॅटोच्या तोडणीला नारायणगाव-मंचरच्या बागायतीत उतरतात. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, कुणी डबेवाला, कुणी हमाल. बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी, झोळीत तान्हं, हे दृश्य आजही दिसतं. थोरली पोरं आजीकडे किंवा आश्रमशाळेत. पॉलीने न्यूयॉर्कहून पोर गावी धाडलं, ते वाचताना मला या झोळ्या आठवल्या. अशा घरात नको तेव्हा दिवस गेलेली एखादी मुलगी असते. समिती पुण्यात, म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून एसटीने जायचं, आणि कुणाला काय सांगायचं? मग ‘परस्पर’ व्यवहार होतो. ओळखीतून मूल नसलेलं जोडपं शोधायचं, दवाखान्यात नाव त्यांचंच लावायचं, हातावर थोडे पैसे ठेवायचे. दोन्हीकडच्यांना वाटतं पुण्य केलं. कायद्याने हा गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या आईची ६० दिवसांची मुदत गेली, मुलाचा माग पुसला गेला. विकत घेतल्याचा डाग आयुष्यभर राहतो तो वेगळाच.

माग का हवा? दत्तक गेलेलं मूल १८ वर्षांचं झालं, की स्वतः अर्ज करून आपल्या मुळाची माहिती मागू शकतं. आईने नाव झाकायला सांगितलं असेल, तर तिच्या संमतीविना ते उघड होत नाही, आणि तेही बरोबरच आहे. पण निदान फाईल तरी असते. पुण्यात दर वर्षी अशी मोठी झालेली मुलं येतात, युरोप-अमेरिकेतून, चेहरा इथला आणि भाषा तिकडची. कधी फायलीत फक्त ‘आंबेगाव तालुका’ इतकंच लिहिलेलं असू शकतं. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आहे. जायचं कुठे, विचारायचं कुणाला?

म्हणून आशाताईंना, नर्सबाईंना, पोलीस पाटलांना आणि ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती. अशी मुलगी तुमच्या वस्तीत असेल, तर तिला आधी समितीबद्दल आणि साठ दिवसांबद्दल सांगा, जोडपं शोधू नका. तिच्यासोबत पुण्याच्या एसटीत बसा. बाळ कुठे सापडलं, तर लगेच बालमदतवाहिनीच्या १०९८ क्रमांकाला फोन करा. आणि त्याच्या अंगावरचं दुपटं, टोपडं, मनगटावरचा दोरा, एखादी पिशवी असेल तर ती पिशवी, यातलं काहीही धुऊ नका, फेकू नका. तारीख, वेळ आणि जागा लिहून ते सगळं बाळाच्या फायलीबरोबर संस्थेकडे द्या. वीस वर्षांनी कुणी जुन्नरच्या स्टँडवर उतरून विचारू लागलं, तर त्याच्या आईची म्हणून दाखवायला आपल्यापाशी तेवढीच वस्तू असेल.